‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या मनूस

सोलापूर,
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

चि. मनू,


फोन केला असता, पण फोनवर तू “हो गं आत्या, हो गं आत्या” म्हणतेस आणि विषय बदलतेस. म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच.

अपूताई रविवारी येऊन गेली. ती चुगली करायला आली नव्हती, तिच्यावर राग धरू नकोस. जेवताना तिच्या घशाखाली घास उतरेना, म्हणून मीच खोदून विचारलं. तुझ्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला तू पावभाजी खाल्लीस म्हणे, पावासकट. वर केकही. अपूताईने हात धरला तर तू म्हणालीस, “दोन वर्षं पाळलं की पथ्य. आता मला काही होत नाही.” आणि हे पहिल्यांदा नव्हतं, दर शुक्रवारी चालतं, असंही तिथल्याच कुणीतरी हसत हसत सांगितलं.

मनू, तू पाव खाल्लास याचा मला जितका धसका बसला नाही तितका या ‘काही होत नाही’चा बसला.

तुला कधी काय झालं होतं? आठव. दहावीत तुझी उंची थांबली, जीभ सोलवटायची, जिना चढलीस की धाप लागायची. पण पोट? पोट कधी दुखलं नाही. जुलाब नाहीत, उलट्या नाहीत. म्हणून तर वर्षं गेली. दादाने लोहाची औषधं बदलून बदलून आणली, हिमोग्लोबिन नऊच्या वर जाईना. “पोरगी नीट जेवत नाही,” असं सगळ्यांनी वहिनीला ऐकवलं, आणि ती बिचारी तुझ्या मागे तूप-साखर-पोळीचे रोल घेऊन फिरायची. तिला काय ठाऊक, त्या पोळीतच सगळं होतं. शेवटी त्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताची ती टीटीजी तपासणी करायला लावली, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा सिलिअ‍ॅक हे नाव आपल्या घरात आलं. तेव्हाही तुला ‘काही होत नव्हतं’, बाळा.

बाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर काढून दाखवलेलं चित्र मी अजून ठेवलंय. लहान आतड्याच्या आत टर्किश टॉवेलच्या दोऱ्यांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. गहू, जव आणि राय या तिन्ही धान्यांत जे ग्लुटेन असतं, ते तुझ्या शरीराला शत्रू वाटतं. त्याच्याशी लढताना ते आपल्याच आतड्यावर घाव घालतं. उंचवटे झिजून सपाट होतात. मग लोह कितीही गिळ, कॅल्शियम कितीही घे, आत काही मुरत नाही. रक्त कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात, पुढे मूल राहायलाही अडचण येऊ शकते. गहू बंद केला की ते उंचवटे पुन्हा उगवतात. तुझे उगवले, म्हणून तर तुझ्या गालांवर रंग आला. पण ते गहू बंद आहे म्हणून उगवलेत. शरीराने वैर सोडलेलं नाही, आणि ते जन्मभर सोडणार नाही.

मी इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२४ साली अमेरिकेत सिडनी हास नावाच्या डॉक्टरांनी असल्या आजारी मुलांना केळ्यांवर ठेवलं. पोळी-पाव बंद, केळी भरपूर. मरणाच्या दारातली मुलं उठून बसली. सगळ्यांना वाटलं, केळ्यातच जादू आहे, आणि मूल एकदा बरं झालं की ते कायमचं बरं झालं. मग पुन्हा पाव सुरू झाला. खरा गुन्हेगार कोण ते हॉलंडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होताच. १९४४-४५च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि त्या उपासमारीत ही मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा ढासळली. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. म्हणजे ‘आता बरी झाले, आता चालेल’ ही समजूत तुझ्या आधी शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांची होती, आणि ती चुकीची होती.

आणि ‘एखाद्या पावाने काय होतंय’ हेही मनातून काढ. रोज पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. पावाच्या एका कापात त्याच्या कितीतरी पट असतं. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं तर किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. तू शुक्रवारी दोन-दोन पाव खातेस.

रागावले ना? रागावलेच आहे. पण तू ते का खाल्लंस ते मला कळत नाही असं समजू नकोस. भूक तुला आवरत नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. तुला वेगळं बसायचं नाही. सगळे एका ताटात हात घालत असताना आपला डबा काढायचा, चार जणांनी “म्हणजे नक्की काय होतं गं तुला?” विचारायचं, तू सांगायचं, आणि पुढच्या वेळी कुणीतरी तेच पुन्हा विचारायचं. त्यापेक्षा एक पाव उचलणं सोपं.

माझं सांगते. हे मी अपूताईलाही कधी नीट सांगितलेलं नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिलाच सण चंपाषष्ठीचा. खंडोबाचं घर, वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. मला लहानपणापासून वांगं सोसत नाही. घसा खाजतो, ओठ सुजतात. माहेरी माझ्यापुरता भोपळा व्हायचा, कुणी त्यावर बोलायचं नाही. सासरी बोलायला जीभच उचलली नाही. नवी सून, देवाचा नैवेद्य, बारा माणसांचं घर, आणि इकडे तर आठवड्याला दोनदा वांगी. खात राहिले. ओठ सुजले की माजघरात जाऊन पदर ओला करून लावायचे. अपूताईच्या वेळी दिवस गेले असतानाही खाल्लं. एकदा घसा असा आवळला की श्वास घेता येईना, तेव्हा सासूबाईंना कळलं. त्या ओरडल्या नाहीत. माझ्या पाठीवर हात फिरवत एवढंच म्हणाल्या, “मला सांगायचं होतंस गं पोरी.” दुसऱ्या दिवसापासून माझं कालवण वेगळं. त्या गेल्या त्या वर्षीच्या भोगीलाही थरथरत्या हातांनी माझ्यासाठी बिनवांग्याची भाजी त्यांनी आधी काढून ठेवली होती. इतक्या मायेच्या बाईला मी सुरुवातीची सगळी वर्षं परकी समजले, याची हळहळ अजून जात नाही. तो घास गिळण्यापेक्षा दोन शब्द बोलायला हवे होते.

तू बोल, मनू. पहिल्या ओळखीतच सांगून मोकळी हो. “मला गहू चालत नाही, कणभरही नाही, आजार आहे.” एवढं पुरे. मेसच्या काकूंना बाजूला घेऊन सांग, त्या आईच्या वयाच्या आहेत. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो. हात जोड, तीर्थ घे, केळ्याचा तुकडा माग. देवाचा त्यात काही अपमान नाही, आणि कुणी आग्रह केलाच तर माझं नाव सांग.

बाकी काय काय सांभाळायचं ते तुला पाठ आहे, तरी दोन-तीन गोष्टी मला छळतात. खपली गहू ‘पचायला हलका, तुला चालेल’ असं कुणी ना कुणी सांगणारच. खपली हाही गहूच, आपल्याकडच्या लग्नांतली हुग्गी त्याचीच. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. विकतच्या थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो. सातूचं पीठ नको. सोया सॉसमध्ये गहू, माल्ट घातलेल्या पेयांत जव. पाकिटाच्या मागे अ‍ॅलर्जीची सूचना छापणं आता कायद्यानेच बंधनकारक आहे, ती ओळ वाचल्याशिवाय पिशवीत काही टाकू नकोस. आणि ग्लुटेनमुक्त म्हणून मिळणाऱ्या महागड्या बिस्किटांवर पोट भरू नकोस, त्यात बहुतेक स्टार्च आणि साखरच. साबुदाण्याचंही तेच.

गिरणीचं तर मी स्वतः पाहिलं. आपल्या कोपऱ्यावरच्या गिरणीत उभी राहिले. आधीच्या बाईंचे गहू संपले, त्याने लगेच माझी ज्वारी ओतली. पहिलं पीठ पडलं ते पिवळसर, चिमटीत धरलं तर कणकेसारखं मऊ. खाली-वर, पट्ट्यावर, सगळीकडे गव्हाचीच धूळ. त्याची काय चूक, दिवसभर त्याच्याकडे गहूच येतो. मी डबा तसाच शेजारणीला देऊन टाकला आणि दुसऱ्या दिवशी घरघंटी घेतली. तिच्यात आजतागायत गव्हाचा दाणा गेलेला नाही आणि जाणार नाही. ती तुझी घंटी आहे. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी, परातीत पसरून चष्मा लावून निवडते, कारण त्यातही चुकून गव्हाचा दाणा निघतो.

त्या पिठाच्या कडक भाकऱ्या करून पाठवते आहे. वेगळा तवा, वेगळी परात. पापडासारख्या पातळ झाल्यात, महिनाभर काही होणार नाही. शेंगाची चटणी आहे, लसूण जास्त घातलाय तुला आवडतो तसा. भाकरी चुरून वर आमटी ओत, किंवा दही, चटणी आणि बारीक कांदा. ऑफिसात डबा उघडलास की बघ, पाववाले तुझ्या डब्यात हात घालतात की नाही. नाचणीचं पीठही टाकलंय. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं तिच्यात, तुझ्या हाडांना ते हवंच आहे. सकाळी ताकातली आंबील घे, जिरं-मीठ घालून. ताजं पीठ हवं असेल तेव्हा कळव, फार दिवसांचं झालं की विरी जाते, भाकरी थापताना फाटते. तसं झालंच तर आधणाच्या पाण्यात मळ.

आणि पावभाजी सोडायला तुला कोण सांगतंय? भाजीत गहू नाहीच. हॉटेलात त्याच तव्यावर पाव भाजतात म्हणून तिथली नको. मैत्रिणींना शुक्रवारी तुझ्या खोलीवर बोलाव, भाजी तू कर, त्यांनी त्यांचे पाव आणून वेगळे भाजावेत, तू तांदळाचं घावन कर. लोणी सढळ हाताने घाल. डोसा खा, फक्त रवा डोसा नको, आणि सांबारातल्या हिंगाचं विचार. आपल्या सणांची यादी काढून बघ एकदा. भोगीची बाजरीची तीळ लावलेली भाकरी, गणपतीचे उकडीचे मोदक, दिवाळीतली भाजणीची चकली, अनारसे, बेसनाचे लाडू, नवरात्रात वऱ्याचे तांदूळ आणि राजगिरा. होळीला पोळी नाही तर नाही, वाटीभर पुरण, त्यावर तूप आणि दूध. तुझ्या पणजीच्या घरी पोळी सणावारीच व्हायची, रोज भाकरीच. तुझ्या आजाराला लागतं ते सगळं या मुलखाने आधीच करून ठेवलेलं आहे, तुला फक्त ते आवडीने खायचं आहे. पथ्य म्हणून तोंड पाडून खाल्लंस तर पुन्हा शुक्रवार येईल आणि पुन्हा तू म्हणशील की मला काही होत नाही.

ते वाक्य पुन्हा म्हणू नकोस गं. मला झोप लागत नाही.

दादाची गंमत अशी की मुलीसाठी सगळे दवाखाने पालथे घातले, पण स्वतःचं रक्त अजून तपासलेलं नाही. आईबाप-भावंडांत दहातल्या एकाला हे निघू शकतं. मी सांगून दमले. तू सांगितलंस तर ऐकेल.

पुढच्या महिन्यात मी पुण्याला येते. तुझी टीटीजी पुन्हा करून घेऊ, मी सोबत येते. आकडा वाढलेला निघाला तरी तुला काही बोलणार नाही, शब्द देते. वहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिने त्या पोळीच्या रोलांसाठी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

वर जे कडक लिहिलंय ते भीतीपोटी लिहिलंय. तू दुपट्यात असताना पहिल्यांदा माझ्याच मांडीवर झोपलीस, दादाच्याही आधी. तुझं काही बिघडलं तर मला सहन होणार नाही, यापलीकडे या पत्रात फारसं काही नाही. पार्सल शुक्रवारी सकाळी पोचेल असं बघितलंय. बाहेर जायच्या आधी डबा उघड, आणि रागावली असलीस तरी फोन उचल.

तुझी,
आत्या

ता. क. कागदाच्या पुडीत खडा हिंग आहे, शुद्ध. चिमूटभर कोमट पाण्यात विरघळवून घाल, वास उग्र येतो म्हणून घाबरू नकोस.