थेरपीचं बिल कोण करणार?

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत एखाद्या दिव्यांग मुलाला अर्धा तास स्पीच थेरपी मिळाली आणि ते मूल मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत असलं, तर त्या अर्ध्या तासाचं बिल शाळाच करते आणि पैसे मेडिकेडकडून वसूल करते. आईबापाला एक सही करण्यापलीकडे काम नसतं. आपल्याकडे हे बिल आईनं करायचं असतं, आणि तिनं केलं नाही तर ते होतच नाही. कसं करायचं हेही तिला कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातल्या इंझोरीची. धाकट्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. डोकं तल्लख, पण पाय ताठ, उजवा हात आखडलेला, आणि बोलणं घरच्यांनाच कळेल असं. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. घरी सोयाबीन आणि तूर. म्हणजे पैसा वर्षातून एक-दोनदा येतो आणि थेरपीचा खर्च दर आठवड्याला असतो. थेरपीला कारंजा, मोठ्या डॉक्टरांकडे अकोला, दिव्यांग प्रमाणपत्राला वाशिम. एस.टी.त दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, तिचा आधारही आहे. पण बुडालेल्या रोजाला सवलत देणारी खिडकी अजून कुठं उघडलेली नाही.

आधी शाळेचं. निम्मा गोंधळ तिथेच होतो. २०१८ पासून सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिकची योजना मिळून समग्र शिक्षा झाली. तिच्यात दर दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपये असा केंद्राचा हिशोब असतो. हा आकडा कुठंतरी कानावर पडतो आणि 'माह्या पोराचे साडेतीन हजार कुठं गेले?' म्हणून बाप मुख्याध्यापकांवर धावून जातात. मी स्वतः पाहिलंय. ते पैसे मुलाच्या खात्यावर यायचे नसतातच. तपासणी शिबिरं, साहित्य, उपकरणं असा सगळा खर्च त्या हिशोबातून होतो. खात्यावर येतात ते भत्ते: मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, आणि मुलींना महिन्याला २०० रुपये प्रोत्साहन भत्ता, तोही दहा महिन्यांचा. भत्त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीच्या, माहितीत मुलाची दिव्यांग म्हणून नोंद असली पाहिजे, आणि बँक खातं आधारला जोडलेलं असलं पाहिजे. शाळेत जाऊन भांडण्याऐवजी सरांना एवढंच म्हणा, 'सर, यू-डायसमध्ये याचा दिव्यांग प्रकार काय भरला आहे, ते स्क्रीनवर दाखवता का?' बहुतेक सर दाखवतात. नोंद नसली तर त्यांनाही ते तेव्हाच कळतं.

शाळेत येणारे विशेष शिक्षक हे शिक्षक असतात, फिजिओथेरपिस्ट नव्हेत. हे कळायला गावात बराच काळ जावा लागला. ते मुलाला कसं बसवायचं, पाटी कुठल्या उंचीवर ठेवायची, बाईंनी प्रश्न कसा विचारायचा, हे सांगतात आणि ते फार मोलाचं असतं. पण ताठ पाय सैल करणं हे वेगळ्या माणसाचं काम आहे. शिवाय एका शिक्षकाकडे अनेक शाळा. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. राज्यानं २०२४ मध्ये शाळांच्या केंद्रस्तरावर ४,८६० पदांचा निर्णय घेतला. पदं भरतील तेव्हा भरतील, तोवर मुलाचं वय थांबत नाही.

आरोग्य खात्याकडून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ च्या फेब्रुवारीत हा कार्यक्रम देशभरासाठी सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी व्हायची असते. पथकानं जिल्ह्याला पाठवण्याची चिठ्ठी दिली तर ती जपून ठेवा. पुढच्या तपासण्या आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया त्या चिठ्ठीच्या धाग्यावर मोफत होऊ शकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल मात्र एक गैरसमज आमच्याकडे घरोघर आहे. तिची मर्यादा आता पाच लाखांपर्यंत गेली आहे म्हणून लोकांना वाटतं, कार्ड दाखवलं की थेरपीही फुकट. ती योजना दवाखान्यात भरती होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांची आहे. दर मंगळवारी कारंज्याला जाऊन पोराचे पाय ओढून घेण्याचे पैसे तिच्यातून निघत नाहीत.

ते निघतात निरामय योजनेतून. १९९९ च्या कायद्यानं राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी त्याचा हा आरोग्य विमा आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि भरती न होता घेतलेल्या थेरपीलाही वेगळी मर्यादा ठेवलेली. फी काही शे रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना त्याहून कमी. इतकी चांगली योजना आमच्या पंचक्रोशीत फारशी कुणाला ठाऊक नव्हती, आणि ज्यांना ठाऊक होती त्यांचे दावे परत येत होते.

माझाही आला. वर्षभराच्या पावत्या होत्या, पैसे खरोखर दिलेले होते, मुलगा खरोखर गेलेला होता. पण थेरपिस्टची पावती म्हणजे वहीच्या कागदावर 'थेरपी, एक महिना' आणि खाली रक्कम. कुठल्या तारखांना, काय उपचार केला, करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक काय, कुणी लिहून दिला होता, यातलं काही नाही. मी नव्यानं पावत्या मागायला गेले तर ते म्हणाले, 'ताई, इतकी वर्षं असंच देतो, कोणी इचारलं नाई.' माणूस वाईट नव्हता. हातात गुण होता. पण त्यानं त्या महिन्यांच्या तारखा लिहूनच ठेवल्या नव्हत्या, आणि मागच्या तारखा घालून नव्या पावत्या बनवायला मी तयार नव्हते. ते पैसे गेले. खोटी पावती जोडून काम भागवणारे असतात. पकडले गेले तर दावा जातो आणि पुढच्या वर्षी खऱ्या कागदांवरही संशय घेतला जातो, एवढं त्यांना सांगून ठेवते.

नेमकी त्याच सुमारास न्यू जर्सीतल्या मावसबहिणीशी बोलणं झालं. तिचा मुलगा तिथल्या सरकारी शाळेत स्पीच थेरपी घेतो. शाळेनं तिच्याकडे सही मागितली होती: 'तुमच्या मुलाच्या सेवांचं बिल मेडिकेडला पाठवायला संमती द्या.' ती घाबरलेली. सही केली तर पोराचा स्वतःचा विमा तर संपणार नाही ना? तिनं शाळेला विचारून घेतलं आणि मला सगळं समजावलं. मला ते ऐकताना माझ्या परत आलेल्या दाव्याचं उत्तर मिळत गेलं.

तिकडचा कायदा १९७५ चा. दिव्यांग मुलाला मोफत आणि योग्य शिक्षण देणं शाळेला बंधनकारक, आणि शिकण्यासाठी थेरपी लागत असेल तर तीही शाळेनंच द्यायची. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा असतो आणि त्यात लिहिलेलं असतं: स्पीच थेरपी, आठवड्याला इतक्या वेळा, इतकी मिनिटं. खर्च शाळांना झेपेना. १९८८ मध्ये त्यांच्या संसदेनं स्पष्ट केलं की थेरपी शिक्षण आराखड्यात लिहिलेली आहे एवढ्या कारणावरून मेडिकेडनं पैसे नाकारू नयेत. तेव्हापासून शाळा बिलं पाठवतात आणि खर्चातला केंद्राचा वाटा, जो किमान निम्मा असतो, परत मिळवतात. न्यू जर्सीत यासाठी 'सेमी' नावाची राज्याची वेगळी व्यवस्थाच आहे. पालकांनी संमती नाकारली तरी शाळेला थेरपी थांबवता येत नाही, आणि या बिलामुळे मुलाच्या विम्याचे इतर लाभ कमी होऊ द्यायचे नाहीत, हेही नियमातच आहे. मावसबहिणीनं सही केली.

पण ही बिलं मंजूर होतात कशी? थेरपिस्ट प्रत्येक वेळेची नोंद ठेवते. तारीख, सुरुवात, शेवट, एकट्याला की गटात, काय केलं, मुलानं काय प्रतिसाद दिला, आणि खाली पात्रतेसह सही. मूल त्या दिवशी गैरहजर असेल तर बिल नाही. वरून तपासणी येते आणि नोंद सापडली नाही तर दिलेले पैसे परत घेतले जातात. कर्मचाऱ्यांना वर्षात अवचित कधीही विचारतात, 'या क्षणी तुम्ही काय करत होता?' आणि त्या उत्तरांच्या नमुन्यावरून थेरपीवर किती वेळ गेला याचा हिशोब मांडतात. तिथले थेरपिस्ट या लिखापढीला वैतागलेले असतात म्हणे. मला तर त्यांचा हेवा वाटला. कारण माझ्या दाव्यात कमी होतं ते एवढंच: त्यांच्याकडे ही नोंद शाळेचा पगारी माणूस ठेवतो, माझ्याकडे ठेवायला कुणी नव्हतं.

मग मी एक लांब वही घेतली. कारंज्याला गेलं की थेरपिस्टसमोर ठेवायची: तारीख, वेळ, उपचार, पुढच्या वेळचं लक्ष्य, त्यांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. पावती त्याच दिवसाची, छापील क्रमांकाची. आणि आधी डॉक्टरांकडून लिहून घेतलं की या मुलाला आठवड्याला इतक्यांदा फिजिओथेरपी हवी, इतके महिने. मुदत संपली की नवी चिठ्ठी. पहिल्यांदा थेरपिस्टांनी कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्या एका आईनंही वही आणली तेव्हा त्यांनी स्वतःच छापील पावतीपुस्तक करून घेतलं. मूळ पावत्या दाव्यासोबत जातात, म्हणून पाठवण्याआधी प्रत्येकीची झेरॉक्स आणि मोबाईलवर फोटो. दावा उपचारानंतर ठरल्या दिवसांतच पाठवावा लागतो. वर्षभराचा गठ्ठा साठवून एकदम पाठवू नका.

आता प्रमाणपत्र. इथं सर्वांत जास्त मुलं अडतात, म्हणून थोडं सविस्तर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकार मानले आणि सेरेब्रल पाल्सी हा त्यातला स्वतंत्र प्रकार आहे. तरी शिबिराच्या गर्दीत पाय पाहून 'अस्थिव्यंग' एवढंच लिहिलं जातं. टक्के बरोबर असतात, भत्ता मिळतो, एस.टी.ची सवलत मिळते, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. अडतं ते निरामयला, कारण राष्ट्रीय न्यासाच्या चार प्रकारांत अस्थिव्यंग नाही. वाशिमला जाताना मेंदूच्या तपासणीचे कागद, जन्माच्या वेळची दवाखान्याची फाईल सोबत न्या आणि डॉक्टरांना नम्रपणे सांगा, 'साहेब, निदान सेरेब्रल पाल्सीचं आहे, ते नावानं लिहा.' जून २०२१ पासून प्रमाणपत्र यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, पोर्टलवरूनच मिळतं, त्यामुळे एकदा चुकीचा प्रकार चढला की दुरुस्तीला पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं. मुलांची प्रमाणपत्रं बहुधा तात्पुरती असतात. मुदतीची तारीख कार्डावर पाहा आणि घरातल्या कॅलेंडरवर तीन महिने आधी खूण करा.

उपकरणांचं एक. आपल्याकडे दोन खात्यांनी मिळून खर्च उचलण्याची एकच गोष्ट मला दिसली, ती ही. शाळेतल्या मुलांच्या उपकरणांना केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची ॲडिप योजना ६० टक्के देते आणि शिक्षणाकडून ४० टक्के येतात. बनवणारी अलिम्को, कानपूरची सरकारी कंपनी. पालकाला दमडी लागत नाही आणि कसलं बिलही करावं लागत नाही. पण शिबिरात माप आज घेतात आणि खुर्ची येते काही महिन्यांनी. वाढत्या अंगाच्या पोराला तोवर ती आखूड होते. आमच्या ओळखीच्या एका मुलीची सीपी चेअर, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची खुर्ची, अशीच पडून आहे, वर धान्याची पोती. म्हणून मापाच्या दिवशीच वाढीची जागा सोडायला सांगा, पोच घ्या, आणि वाटपाच्या दिवशी मुलाला घरी ठेवून बापाला एकटं पाठवू नका. मूल बसवून पाहा. बसत नसेल तर तिथंच लेखी द्या. एकदा घेतलेलं उपकरण पुन्हा मागायला मोठ्यांना तीन वर्षं थांबावं लागतं, लहान मुलांना ही अट सैल आहे.

आणि ज्याचा कागद सर्वांत जवळ असतो तेच लोक विसरतात. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आमच्यासारख्या गावाचं उत्पन्न फार नसतं, पण थेरपीच्या प्रवासाला हातभार लागू शकतो. ग्रामसभेत तोंडी बोललेलं हवेत जातं. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, सोबत वहीची झेरॉक्स जोडा. खर्चाचा असा तारीखवार हिशोब समोर आला की 'बघू' म्हणणं त्यांनाही जड जातं.

निरामयचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघते. तुरीचे पैसे हाती आले की सावकार, खतवाला, पाहुणे यांच्याआधी ती फी भरून टाका.