वाचून घेतलंत तर?

काही वर्षांपूर्वी दुसरीतल्या एका मुलाच्या डायरीत मी इंग्रजीत शेरा लिहिला होता : 'व्हाय डोन्ट यू रीड विथ हिम ॲट बेडटाइम?' दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना त्याची आई आली. डायरीतल्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "बाई, मी दिवसभर दुकानात उभी असते. का वाचत नाही म्हणून विचारलंत, पण वाचू कधी?" तिचा आवाज दाटून आला होता.

मी फक्त सुचवलं होतं. तिनं शब्दाला शब्द लावला आणि तिला जाब ऐकू आला. चूक तिची नव्हती. 'व्हाय डोन्ट यू'ने सुरू होणाऱ्या इंग्रजी वाक्यात पुष्कळदा 'का' विचारायचंच नसतं, 'असं करून बघा ना' एवढंच म्हणायचं असतं. मराठीत मात्र 'का करत नाहीस?' म्हटलं, की समोरचा आधी कारण शोधू लागतो.

पालकहो, 2000 साली आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. घरीही मुलांशी चार वाक्यं इंग्रजीत बोलावीत, ही तुमची धडपड मला दिसते, आणि तिची मला कदर आहे. पण 'व्हाय डोन्ट यू ड्रिंक मिल्क?' हे वाक्य कपाळाला आठी घालून आलं, तर तो इंग्रजीतही दरडावणीचाच सूर झाला. सुचवायचं असेल तर आवाज सैल हवा.

आणि खरं सांगू? हे काम करणारं फार सुंदर वाक्य आपल्या घरात आधीपासून आहे. 'आधी दप्तर भरलंस तर?' बस, एवढंच. 'तर'च्या पुढचं आपण बोलत नाही, ते मुलानं मनात पुरं करायचं. भिंतीवर खडू ओढणाऱ्या लेकीला 'अगं, भिंत!' म्हणून ओरडण्याऐवजी जुनं कॅलेंडर उलटं पसरून 'इथे काढलंस तर? मोठ्ठा हत्ती मावेल' असं म्हणून बघा. चित्र थांबवायला सांगितलेलं नाही, जागा तेवढी बदलली. आजी 'ये ना', 'बस की जरा' म्हणते, त्यातले 'ना' आणि 'की' हेच करतात.

एक मात्र सांभाळा. 'तर?' विचारल्यावर 'नको' असं उत्तर येऊ शकतं, आणि ते आलं तर ऐकून घ्यावं लागतं. म्हणून औषध घ्यायचं असेल, रस्ता ओलांडताना हात धरायचा असेल, तिथे विचारूच नका, सरळ सांगा. विचारून नंतर जबरदस्ती केली, की पुढच्या वेळी त्या 'तर'वर मूल विश्वास ठेवत नाही.

त्या आईची मी तेव्हाच माफी मागितली. मग डायरीच्या पुढच्या पानावर मराठीत लिहिलं, 'रात्री तुम्ही पोळ्या करताना त्यालाच एक पान मोठ्यानं वाचायला सांगितलंत तर?' दुसऱ्या दिवशी खाली तिची सही होती, आणि सहीशेजारी पेन्सिलीनं, त्याच्या वळणदार नसलेल्या अक्षरात, 'चालेल'.