मेम्ब्रेन विकण्याआधी कोब्याची भेग बघा

टाईल्सचं दुकान काढायचं म्हणणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो. फरशी तडकली तर गिऱ्हाईक कोणाला फोन करणार? मिस्त्री तोवर पुढच्या साईटवर गेलेला असतो. बिलावर नाव तुमचं, म्हणून फोन तुम्हालाच. आता टाईलखाली घालायची मेम्ब्रेन मिळायला लागली आहे. "ही घातली की तडे बंद" असं सांगून विकलीत, तर तोच फोन आणखी चढ्या आवाजात येईल.

मेम्ब्रेन म्हणजे खड्ड्याखड्ड्यांची, साधारण 3 मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची चटई, खालून कापडासारखा थर. जर्मनीच्या श्लुटर कंपनीने अशी चटई 1987 मध्ये आणली. ती करते काय? सिमेंटचा कोबा सुकताना आखडतो. आयएस 456 मध्ये हे आखडणं ढोबळमानाने 0.0003 धरलंय, म्हणजे 5 मीटरच्या हॉलला दीड मिलिमीटर. भाजलेली टाईल अशी आखडत नाही. दोघं घट्ट चिकटलेले असले की टाईल उचलते, नाहीतर कोब्यातली भेग टाईलमधून वर येते. मधली चटई ही आडवी ओढाताण स्वतःवर घेते. "आडवी" हा शब्द धरून ठेवा.

कारण आपल्या माळशिरस तालुक्यातला त्रास बऱ्याचदा उभा असतो. कॅनॉलच्या पट्ट्यातली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यातली काळी माती काढलीच नाही, किंवा मुरूम सहा-सहा इंचाच्या थराने पाणी मारून धुमसला नाही, तर कोबा एका बाजूला बसतो. तिथं कितीही महागाची चटई घाला, टाईल जाणारच.

ओळखायचं कसं? भेगेवर आडवं नाणं सरकवा. अडखळलं तर एक कड खाली गेली आहे. तिथं चटई विकू नका, आधी जमीन दुरुस्त करायला सांगा. दोन्ही कडा एका पातळीत असतील आणि भेग बारीक असेल, तर चटईचा उपयोग आहे. शंका वाटली तर भेगेवर पीओपीचा पातळ ठिपका लावून तारीख लिहा. ठिपका चिरला तर भेग अजून चालू आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "पालखी यायच्या आत फरशी पाहिजे." म्हणू द्या. निदान नवा कोबा 28 दिवस तरी होऊ द्या.

आता मिस्त्रीकडे लक्ष द्या. टाईलच्या मागे केमिकलचे पाच लाडू ठेवून टाईल दाबायची पद्धत आपल्याकडे फार आहे. मधे पोकळी राहते, कोपऱ्यावर गॅसची टाकी आपटली की तुकडा. चटईवर तर हे अजिबात चालत नाही. खाली दातेरी थापीने केमिकल ओढून चटई दाबून बसवायची, मग वरचे खड्डे पूर्ण भरायचे, आणि त्यावर परत दातेरी थर देऊन टाईल. मधूनच एखादी टाईल उचलून पाठ बघा, सगळीकडे केमिकल लागलंय ना. 40 डिग्रीच्या उन्हात केमिकलवर लवकर साय धरते, म्हणून थोडं थोडंच पसरायचं. केमिकल कुठलं, ते चटईच्या कंपनीच्या पत्रकात बघा. दुकानात पडून आहे ते खपवू नका. आयएस 15477 मध्ये त्याचे 5 प्रकार आहेत, गोणीवर प्रकार छापलेला असतो.

चटई आहे म्हणून टाईलला टाईल भिडवायची नाही. स्पेसर लागणारच. भिंतीलगत 6 मिलिमीटर जागा मोकळी ठेवा, स्कर्टिंगखाली ती झाकली जाते. तिथं सिमेंट भरलं की हॉलच्या मधोमध टाईल तंबूसारखी उभी राहते, आणि लोक दोष टाईलच्या कंपनीला देतात! मोठ्या हॉलला 20 ते 25 फुटांवर, उन्हातल्या ओट्याला 8 ते 12 फुटांवर लवचिक सांधा सोडा. ओट्याचा सांधा बहुतेक जण विसरतात.

दुकानदार म्हणून एक सवय लावा. कोब्याचा फोटो काढा, भेगेवर नाणं ठेवून. बिलावर लिहा: जमीन बसल्यामुळे पडणारा तडा मेम्ब्रेनमध्ये येत नाही. गिऱ्हाईकाची सही घ्या. काही जण सही नको म्हणून दुसऱ्या दुकानात जातील, जाऊ द्या. आणि त्याच बॅचची एक पेटी गिऱ्हाईकाला जास्त घ्यायला लावा. दोन वर्षांनी तोच शेड मिळेल याचा भरवसा नसतो.