रक्तातील लोह आणि चुंबक

'रक्तात लोह असते, म्हणून चुंबकाचे कडे घातले की रक्ताभिसरण सुधारते,' असे विक्रेते सांगतात. आपण हे जरा तपासून पाहू.

खिळ्यातील लोहाचे असंख्य अणू एकमेकांच्या प्रभावाने एकाच दिशेला वळतात, म्हणून खिळा चुंबकाला चिकटतो. हिमोग्लोबिनच्या रेणूत लोहाचे अणू चारच, तेही एकमेकांपासून दूर. १९३६ साली पाउलिंग व कोरिएल यांनी दाखवले की, ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सारले जाते, तर ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन किंचित ओढले जाते. ही बले अत्यंत क्षीण असतात.

मग परिणाम मुळीच होत नाही का? होतो. रक्त विद्युत्‌वाहक आहे. वाहक चुंबकीय क्षेत्राला काटकोनात छेदून गेला की विद्युत्‌दाब निर्माण होतो, हे फॅरडेचे तत्त्व तुम्हांला ठाऊक आहे. एमआरआय यंत्राचे क्षेत्र १.५ टेस्ला, महारोहिणीचा व्यास ०.०२ मीटर व रक्ताचा वेग सेकंदाला ०.५ मीटर धरा. गुणाकार येतो ०.०१५ व्होल्ट. त्यामुळे यंत्रात हृदयाचा विद्युत्‌-आलेख बदललेला दिसतो; रक्त मात्र नेहमीसारखेच वाहत राहते.

कड्याचे क्षेत्र याहून पुष्कळ क्षीण. ते रक्ताला काय ढकलणार? तेव्हा घरातील आजोबा कड्याच्या भरवशावर रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू लागले, तर त्यांना हे अवश्य समजावून सांगा.