सिंथेसायझर : यंत्र की वाद्य?

‘बटण दाबले की गाणे सुरू, यात कला ती काय?’ असे आपण सहज बोलून जातो. प्रस्तुत लेखात या आक्षेपाचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. सतारीत तार कंप पावते, बासरीत हवा. सिंथेसायझरमध्ये विजेची आंदोलने असतात. त्यांतील काही अंश गाळून स्वराचा पोत ठरतो. स्वर किती झटकन उमटावा, किती सावकाश विरावा, हेही वादकच ठरवितो. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली असे वाद्य सिद्ध केले.

आपल्या मुंबईतील चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातील वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची जपानी यंत्रे घेऊन यमन, मालकंस आदी दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. त्यांतील एका यंत्रात स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची सोय होती. मींडेला तेच तर हवे! ध्वनिमुद्रिका मात्र विस्मृतीत गेली. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या १९८७ मधील ‘ॲसिड हाउस’ संगीताशी तिचे साम्य पाहून जाणकार थक्क झाले. सत्तरी ओलांडल्यावर चरणजित सिंग परदेशातील रंगमंचांवर वाजवू लागले. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

त्यांना प्रत्यक्ष ऐकण्याचा योग माझ्या वाट्याला आला नाही. परंतु गेल्या वैशाखात माहीमला एका हळदीच्या रात्री बेंजो पार्टी ऐकली. कीबोर्डवर साठी उलटलेले एक गृहस्थ होते. सारे त्यांना ‘मास्तर’ म्हणत. पोरे नाचू लागली की ते ठेका वाढवीत, वडीलधारी मंडळी उतरली की कमी करीत. मध्येच धवलारीण गाऊ लागली. मास्तरांनी ठेका बंद केला आणि तिच्या पट्टीतला एकच स्वर मंद धरून ठेवला. नंतर मी विचारले, “मास्तर, ठेका का थांबवलात?” ते म्हणाले, “अरे बाळा, तिचा श्वास कुठे तुटतो ते यंत्राला कळते होय?”

माझ्या मते उत्तर येथे आहे. ऐकणारा हात मिळाला की यंत्राचे वाद्य होते. ज्या बेंजोसाठी आपण हळहळतो, तोही मूळचा जपानचाच. मोरिता गोरो यांनी १९१२ साली नागोया येथे ‘ताइशोगोतो’ केला, त्याचाच हा भाऊबंद.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माझे काका ढोलकी वाजवीत. कीबोर्डमध्ये तयार ठेके आले आणि त्यांच्या सुपाऱ्या घटल्या; आता ते वाडीत मजुरीला जातात. वाद्य कितीही गुणी असले, तरी त्यांचा गेलेला रोज त्यामुळे भरून येत नाही. हा दोष यंत्राचा नव्हे; चार माणसांचे पैसे वाचविणाऱ्या आपल्या हिशेबाचा आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांना आणि गुरुजनांना एकच सुचवितो : येत्या स्नेहसंमेलनात कीबोर्ड जरूर असावा, पण त्याच्या शेजारी गावातला एक ढोलकीवालाही बसवावा आणि त्याची बिदागी आधी ठरवावी.