प्रामाण्याची खूण आणि प्रामाण्याचे स्वरूप

मंडनमिश्रांच्या दाराशी पिंजऱ्यातील मैना 'प्रामाण्य स्वतः की परतः' असा वाद घालीत, असे शंकरदिग्विजयात वर्णन आहे. ही कविकल्पना खरी; परंतु तेवढ्यावरून हा वाद पोपटपंचीचा ठरत नाही.

सातव्या शतकातील कुमारिलभट्टांच्या मते ज्ञान उपजते तेच प्रमाण म्हणून. पुढे बाधक ज्ञान झाले, अथवा नेत्रदोषासारखा कारणदोष कळला, तरच ते अप्रमाण ठरावे. प्रत्येक ज्ञानाला साक्षीदार हवा म्हटले, तर त्या साक्षीदारालाही दुसरा लागेल. ही अनवस्था होय.

नैयायिकांस हे मान्य नाही. प्रामाण्य आपोआप कळत असते, तर अनोळखी प्रांतात 'हे पाणी की मृगजळ?' असा संशय का यावा? पाणी पिऊन तहान भागते, तेव्हा पूर्वीचे ज्ञान यथार्थ होते असे अनुमान होते. आणि तहान भागल्यावर ती भागली की नाही, यासाठी कोणी साक्षीदार शोधीत नाही. जेथे संशय तेथेच पडताळा. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशोपाध्यायांनी तत्त्वचिंतामणीत हा परतःप्रामाण्याचा पक्ष विस्ताराने मांडला.

येथे जिज्ञासूने एक भेद ध्यानी धरावा. तहान भागणे ही यथार्थतेची खूण आहे, यथार्थता नव्हे. वस्तू जशी आहे तशी जाणणे, हे तिचे स्वरूप. अमेरिकेतील विल्यम जेम्स यांनी १९०७ मध्ये सत्यच पडताळ्याशी व उपयोगाशी जोडले. नैयायिक तेथवर जात नाहीत, आणि ते योग्यच.

हे का योग्य, ते बौद्धाचार्य धर्मकीर्तींच्या दृष्टांताने उमगते. एकाने रत्नाची प्रभा पाहून तिलाच रत्न मानले. दुसऱ्याने दिव्याची प्रभा पाहून तिला रत्न मानले. दोघेही धावले. प्रभा म्हणजे रत्न नव्हे, म्हणून भ्रम दोघांचाही. तथापि पहिल्याच्या हाती रत्न लागले! धर्मकीर्तींनी हा दृष्टांत अनुमानाच्या समर्थनार्थ योजला, हे खरे. परंतु फळ हेच सत्य मानले, तर पहिल्याचा भ्रमही सत्य म्हणावा लागेल.

मग ज्याचे फळ या देही पडताळता येत नाही, त्या शास्त्रवचनाचे काय? न्यायसूत्रे मंत्र व आयुर्वेद यांचे उदाहरण देतात : तेथील वचन अनुभवास उतरते, म्हणून सांगणारा आप्त, त्याच्या अदृष्टविषयक वचनावरही विश्वास ठेवावा. पण औषधाने गुण येऊनही निदान चुकलेले असू शकते, ही शंका उरतेच. भाष्यकार वात्स्यायन आप्ताच्या प्रामाण्याचा आधार तीन गोष्टींत सांगतात : वस्तूचा साक्षात्कार, भूतदया, आणि जसे आहे तसेच सांगण्याची इच्छा. या तिहींत फळाचे नाव नाही.