तणावरचा फवारा आणि शेजारचे कलम



पाऊस सुरू झाला की आपल्या माणगाव परिसरात टाकळा बघता बघता गुडघ्याला लागतो, आणि हरळी-लव्हाळ्याला तर ऋतूच लागत नाही. पूर्वी घरची चार माणसे विळे घेऊन बेणणीला उतरत. आता तरुण मुले मुंबई-पुण्याला, मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. त्यामुळे तणनाशकाचा पंप घरोघर आला आहे. तो आला हेच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याच जिल्ह्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या ‘सगुणा राईस तंत्रा’त नांगरणी, चिखलणी व लावणी टाळून गादीवाफ्यावर भात टोकतात, आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात आणि तण आवरण्यासाठी तणनाशक वापरतात. जमीन राखण्यासाठीच ते तंत्र निघाले. प्रश्न येतो तो बांधावर, कारण बांधाला लागूनच कोणाचे तरी हापूसचे नाहीतर काजूचे कलम उभे असते.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव या पट्ट्यात आंबा, काजू, नारळ, सुपारी किती मोडली हे नव्याने सांगायला नको. अनेक कुटुंबांनी त्या जागी पुन्हा कलमे लावली. हापूसचे कलम हाती काही देऊ लागेपर्यंत पाच-सहा वर्षे जातात. तेवढी वाट पाहिलेले झाड शेजारच्या एका सकाळच्या फवारणीने सुकले, तर दोन घरांतले बोलणे बंद होते. “मी मुद्दाम केले नाही,” हे एकाचे म्हणणे खरे असते. दुसऱ्याचे झाड गेले हेही खरेच असते.

निदणाचा दाखला आपल्याला पाठ आहे. आज मात्र निर्गमाच्या २२ व्या अध्यायातला एक लहानसा नियम पाहू. कोणी आग लावली, ती काट्याकुट्यांत पसरली आणि तिने दुसऱ्याचे उभे पीक किंवा रचलेल्या पेंढ्या जाळल्या, तर आग लावणाऱ्याने भरपाई करावी, असे तिथे सांगितले आहे. राब भाजणाऱ्या आपल्या लोकांना हे चित्र लगेच कळेल. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हेतू आणि परिणाम यांवर आम्ही तासन्‌तास वाद घातले आहेत. हा नियम त्या वादात शिरत नाही. आग तू पेटवलीस, वारा कोणीकडचा आहे हे पाहणे तुझे काम होते, एवढेच तो म्हणतो. फवारा हीसुद्धा वाऱ्यावर जाणारी गोष्ट आहे.

आता विष झाडात कसे शिरते ते समजून घेऊ, कारण बहुतेकांचा समज उलटा असतो. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटते, म्हणून मुळांतून ते फारसे चढत नाही. ते शिरते हिरव्या भागातून. मोठ्या आंब्याची जाड, खडबडीत साल त्याला बरेचसे अडवते. दोन वर्षांच्या कलमाची साल मात्र अजून हिरवी असते, म्हणजे पानासारखीच. एकदा आत गेले की रसाबरोबर ते शेंड्यापर्यंत आणि मुळापर्यंत पोचते. कलमाच्या जोडाखाली खुंटाला फूट येते, तिच्यावर ‘तणच आहे’ म्हणून फवारा मारणारे पुष्कळ असतात. ती फूट आणि वरचे कलम एकाच मुळावर जगतात. फूट हातानेच काढावी.

टू-फोर-डी चे वागणे वेगळे. त्याचे काही प्रकार उन्हाच्या तापाने वाफ होऊन फवारणीनंतरही सरकतात. पॅराक्वॉट झाडात फारसे फिरत नाही, जिथे थेंब पडला तिथेच जाळते. पण माणसाच्या पोटात गेले तर त्याला उतारा नाही. म्हणून ते सरबताच्या बाटलीत भरून ठेवणे हा गुन्हाच समजावा.

खुणाही निराळ्या दिसतात. पाने जळल्यासारखी ठिपकेदार झाली तर पॅराक्वॉटचा संशय घ्यावा. शेंडे पिळवटले, पाने वाटीसारखी वळली तर टू-फोर-डी. नवी पालवी अरुंद, फिकट, झुपक्याने आली तर ग्लायफोसेट. ही खूण कधी कधी पुढच्या पालवीलाच दिसते, तोवर फवारणी सगळे विसरलेले असतात. बांधाकडची बाजू बिघडली आणि दुसरी हिरवीगार राहिली, तर खताची उणीव हे कारण बहुधा नसते.

काळजी घेणे अवघड नाही. कलमाभोवती हातभर अंतरात औषध मारूच नये. तिथे खुरपे चालवावे आणि पेंढा किंवा पालापाचोळा अंथरावा, पण खोडापासून चार बोटे दूर, नाहीतर वाळवी लागते. गवत कापण्याचे यंत्रही खोडाजवळ नेऊ नये. त्याची दोरी साल सोलते. फवारताना खोडाभोवती पत्र्याचा डबा किंवा उभा चिरलेला पाईप लावावा, नोझलला हूड बसवावा, दाब कमी ठेवावा. बारीक तुषार लांब जातात, जाड थेंब खाली बसतात. दुपारी खारा वारा सुटतो तेव्हा पंप उचलूच नये. पहाटे धुके असून पान हलत नाही, तेव्हाही नको; तुषार हवेत तरंगत राहतात आणि भलतीकडे उतरतात. ऊन वर येऊन मंद झुळूक कलमांपासून दूर वाहत असेल, ती वेळ धरावी. आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. टू-फोर-डी पंपात चिकटून राहते. त्याच पंपाने पुढे मोहोरावर औषध मारले की आपण आपलेच झाड मारतो. शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगावे, हे तर पैशाविना होते.

फवारा पडलाच, तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याने झाड धुवावे आणि जास्त भिजलेली पाने-फांद्या तोडाव्यात. उद्यावर टाकले तर उपयोग नाही. त्यानंतर खताचा मारा करू नये. उन्हाळ्यात पाणी द्यावे आणि दोन पालव्या येईपर्यंत थांबावे. वाकडी पालवी आली म्हणून लगेच कुऱ्हाड नको, पुष्कळ झाडे सावरतात.

नाहीच सावरले, तर भरपाई कलमाच्या रोपवाटिकेतल्या किमतीने मोजू नये, असे आमचे मत आहे. गेलेली वर्षे परत देता येत नाहीत. पण फवारणाऱ्याने तशीच चांगली कलमे आणून स्वतः लावून द्यावीत आणि पुढचे दोन उन्हाळे त्यांना पाणी घालावे, हे देता येते. खड्डे मे महिन्यातच खणून ठेवावेत, म्हणजे मृगाचा पाऊस स्थिरावला की लगेच लावणी करता येईल.